दुरुस्तीनंतर पेटलेला इंजिनचा दिवा : दोष नेमका कुठे शोधावा

गाडी दुरुस्त होऊन घरी आली आणि त्याच दिवशी किंवा चार-आठ दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, तर काही जण दुर्लक्ष करून गाडी तशीच चालवत राहतात. काही जण ती पुन्हा त्याच गॅरेजमध्ये नेतात, तिथे स्कॅनर जोडून दिवा घालवला जातो आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा लागतो. दोन्ही प्रकारांत मूळ दोष जिथल्या तिथे राहतो. खरे पाहता, एरवी लागलेल्या दिव्यापेक्षा दुरुस्तीनंतर लागलेल्या दिव्याचे कारण शोधणे बरेच सोपे असते, कारण इंजिनात कुठेकुठे हात लागला होता हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मात्र या माहितीचा उपयोग व्हायचा असेल तर कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसला जाण्यापूर्वी तो वाचला पाहिजे आणि त्या कोडमधून काय कळते व काय कळत नाही, याची स्पष्ट जाण असली पाहिजे.

सर्वांत आधी गाडी चालवावी की जागीच थांबवावी, हे ठरवायला हवे. पिवळा दिवा स्थिर असेल, इंजिनाचा आवाज नेहमीसारखा असेल आणि गाडी व्यवस्थित ओढत असेल, तर फार रेस न देता तपासणीच्या ठिकाणापर्यंत जाता येते. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन इतके मिसिंग करत आहे (म्हणजे सिलिंडरमधले इंधन नीट पेटत नाही) की एखाद्या सिलिंडरमधले न जळलेले इंधन थेट एक्झॉस्टमध्ये जात आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, पोहोचून तिथे जळत आहे. अशा वेळी कन्व्हर्टरचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते आणि आतली जाळीदार वीट वितळून बसते. एका सैल कपलरपायी (वायरी जोडणाऱ्या प्लगपायी) हा महागडा भाग गमावण्यात काहीच शहाणपण नाही, म्हणून वेग कमी करावा आणि सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद करावे. तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर तेवढेही अंतर न जाता इंजिन ताबडतोब बंद करणे आवश्यक आहे. नुकतेच ऑइल बदलले असेल, तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला गेला, असे घडू शकते. मग दोन रिंगांच्या मधून दाबाखालचे तेल वेगाने बाहेर पडते.

आता पिवळ्या दिव्याकडे वळू. इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक, ज्याला मेकॅनिक मंडळी ईसीएम म्हणतात, अनेक सेन्सरांचे आकडे सतत वाचत असतो आणि आकडा अपेक्षित मर्यादेबाहेर गेला की त्याची नोंद करतो. या नोंदींची भाषा सर्व कंपन्यांसाठी बरीचशी समान असावी, हा आग्रह प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यांमधून आला. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही पद्धत सक्तीची झाली आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून तशीच पद्धत लागू झाली. त्यामुळे स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला, चालकाच्या हाताशी असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये साधा स्कॅनर लावला तरी कोड वाचता येतो. कोडच्या सुरुवातीचे ‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअरबॉक्सशी संबंधित नोंद दाखवते. त्यानंतर शून्य असेल तर तो सर्वांना समान असलेला कोड असतो आणि एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड असतो.

बहुतेक दोषांच्या बाबतीत संगणक एकाच निरीक्षणावर दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत, म्हणजे इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करण्याच्या एका खेपेत, दोष दिसला तर तो ‘पेंडिंग’ म्हणून नोंदवला जातो आणि लागोपाठच्या दुसऱ्या फेरीतही दिसला तरच दिवा लागतो. गॅरेजमधून निघताना दिवा नव्हता आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागला, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. म्हणून ‘आमच्याकडून गेली तेव्हा दिवा नव्हता’ हे गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे असूनही दोष त्यांच्या कामातलाच असू शकतो.

संगणकाला कोणता आकडा कुठे खटकला, एवढेच कोड सांगतो. कोणता भाग बाद झाला आहे, हे तो सांगत नाही. माझ्या मते निम्म्याअधिक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ या एकाच गैरसमजात आहे. पी०१७१ या कोडचा अर्थ मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त दिसते, असा आहे. तो ऑक्सिजन सेन्सरच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. प्रत्यक्षात त्या सेन्सरने आपले काम चोख केलेले असते आणि हवा मात्र एखाद्या निसटलेल्या होजमधून (रबरी नळीतून) आत शिरत असते. नवा सेन्सर बसवताना कोड पुसला जातो, दिवा जातो, पैसे दिले जातात आणि दोन फेऱ्यांनंतर तोच कोड परत येतो.

म्हणून कोणालाही कोड पुसू देण्यापूर्वी सगळे कोड, पेंडिंगसह, लिहून घ्यावेत किंवा स्कॅनरच्या पडद्याचे फोटो काढावेत. कोडबरोबर संगणक ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची आणखी एक नोंद जपून ठेवतो. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम किती होते, गाडीचा वेग किती होता, कूलंट किती तापला होता, इंजिनावर भार किती होता आणि इंधनाच्या प्रमाणात संगणक किती फेरफार करत होता, हे सारे तिच्यात असते. कोड पुसला की ही नोंदही जाते आणि बॅटरीची वायर काढली तरी अनेक गाड्यांमध्ये तेच होते. दोष गरम इंजिनात आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसते चालू असताना) दिसला की थंड इंजिनात चढावर, हे कळले तर शोधाचे क्षेत्र एकदम आटोपशीर होते, आणि ती माहिती पुसून टाकणे म्हणजे आपल्याच हाताने काम वाढवणे होय.

गॅरेजने न सांगता कोड पुसून गाडी परत दिली असेल, तर तेही कळू शकते, आणि ही गोष्ट गाडीमालकांना सहसा ठाऊक नसते. बऱ्याच गाड्यांमध्ये स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणी दिसणाऱ्या आकड्यांत, ‘कोड पुसल्यापासून धावलेले अंतर’ आणि ‘कोड पुसल्यापासून इंजिन थंडावस्थेतून पूर्ण तापण्याच्या वेळा’ असे दोन आकडे मिळतात. गाडी ताब्यात घेतानाच हे अंतर शून्य किंवा एखादा किलोमीटर दिसले, तर कोड नुकतेच पुसले आहेत, असे समजावे. त्याच स्कॅनरवर ‘रेडिनेस मॉनिटर’ नावाचा भाग असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या वाफेची यंत्रणा यांच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे तो दाखवतो. कोड पुसल्यावर या चाचण्या पुन्हा ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात. दुरुस्तीनंतर कोड पुसणे यात गैर काही नाही, ते कामाचाच भाग आहे. परंतु कोणता कोड होता आणि तो का आला होता, हे न सांगता तो पुसला असेल, तर विचारणा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

यानंतर बिल समोर ठेवावे आणि त्यात लिहिलेल्या कामासाठी काय काय उघडावे लागले असेल, याचा विचार करावा. बदललेल्या भागाइतकाच संशय त्याच्या वाटेत आलेल्या भागांचा घ्यायला हवा. एअर फिल्टर बदलताना फिल्टरच्या डब्याचे झाकण उघडले जाते, आणि त्या झाकणावर किंवा त्याला लागून हवेचे प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरचा कपलर असतो. स्पार्क प्लग बदलण्यासाठी ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइल काढाव्या लागतात आणि काही इंजिनांत त्याआधी वरचा मॅनिफोल्डही (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) उतरवावा लागतो. म्हणजे त्याचे गॅस्केट आणि त्याला जोडलेल्या लहान-मोठ्या होज यांनाही हात लागतो. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात क्रँक सेन्सरची वायर आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी सोडवली जाते. सायलेन्सरच्या कामात ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी ओढल्या जातात, आणि ती वायर तापलेल्या पाइपला टेकून राहिली तर काही दिवसांत तिचे आवरण वितळते.

ही यादी हाती असली की इंजिन थंड असताना, उजेडात, प्रत्येक जागा शांतपणे न्याहाळावी. कपलर बसलेला दिसतो म्हणून तो बसला आहे, असे धरू नये. त्याची खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून अडकली पाहिजे आणि हलकेच ओढल्यावर तो निघता कामा नये. जुन्या गाड्यांमध्ये इंजिनाच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि कपलर काढताना खिट्टी मोडते. मग तो नुसता टेकवून ठेवला जातो व गाडी खड्ड्यात आदळली की संपर्क तुटतो. खिट्टी मोडणे हा वयाचा परिणाम असू शकतो आणि त्यासाठी मेकॅनिकला दोष देणे अन्यायाचे ठरेल, पण मोडलेली खिट्टी गाडीमालकाला न दाखवणे हा मात्र कामातला दोषच आहे.

कपलर निसटला असेल तर लाइव्ह डेटा कधीकधी एका नजरेत उत्तर देतो. कूलंटचे किंवा आत येणाऱ्या हवेचे तापमान उणे ४० अंश दिसत असेल, तर ते खरे तापमान नसते. या सेन्सरांचा विद्युतरोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत घटतो, त्यामुळे वायर तुटली किंवा कपलर निघाला की रोध अमर्याद होतो व संगणक त्याचा अर्थ कमालीची थंडी असा लावतो. पी०११३ किंवा पी०११८ यांसारखा कोड आणि सोबत उणे ४० हा आकडा दिसला, तर नवा सेन्सर विकत घेण्याआधी कपलर आणि त्याच्या मागच्या वायरी पाहाव्यात.

हवेच्या गळतीचा शोध थोडा अधिक विचार मागतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी संगणक इंधन किती टक्क्यांनी वाढवतो किंवा घटवतो, ते ‘फ्युएल ट्रिम’ या आकड्यावरून कळते. त्याचे क्षणोक्षणी बदलणारे आणि सावकाश साठत जाणारे, असे दोन प्रकार असतात. दोघांची बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असली तर चिंतेचे कारण नसते. आता असे समजा की वरचा मॅनिफोल्ड उतरवून स्पार्क प्लग बदलले आणि तीन दिवसांनी पी०१७१ आला. फ्रीझ फ्रेममध्ये ७५० आरपीएम, कूलंट ८९ अंश, वेग शून्य आणि दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक २८ टक्के अशी नोंद आहे. इंजिन सुरू करून आयडलिंगला पाहिले तर बेरीज तेवढीच दिसते, पण रेस देऊन २५०० आरपीएमवर धरून ठेवले की ती ६-७ टक्क्यांवर उतरते. याचा उलगडा असा की गळतीतून येणारी हवा जवळपास ठरावीक असते. आयडलिंगला इंजिन एकूणच थोडी हवा घेते, म्हणून गळतीचा वाटा मोठा ठरतो, आणि आरपीएम वाढले की तोच वाटा नगण्य होतो. अशा वेळी मॅनिफोल्डचे गॅस्केट दुमडले आहे का, ब्रेक बूस्टरची होज पूर्ण बसली आहे का, मॅनिफोल्डमागची एखादी छोटी होज लोंबकळत आहे का, हे पाहावे. डोळ्यांना काही दिसले नाही तर हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहण्याची चाचणी करून घ्यावी. ज्वालाग्राही द्रवाचा फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत काही ठिकाणी वापरली जाते, पण तापलेल्या इंजिनावर तो प्रकार धोकादायक आहे आणि तो टाळावा, असे मी आवर्जून सांगेन.

याउलट आयडलिंगला ट्रिम ठीक आणि भार वाढताच बेरीज वाढत जाते, असे दिसले तर गळतीऐवजी इंधनाचा दाब कमी पडणे किंवा हवा मोजणारा सेन्सर मळणे, याकडे लक्ष द्यावे. तेल लावून वापरायच्या फिल्टरवर तेल जास्त झाले, तर ते उडून सेन्सरच्या नाजूक तारेवर बसते. इथे एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. काही गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही, तर मॅनिफोल्डमधल्या दाबावरून तिचा हिशोब केला जातो. तिथे गळतीमुळे मिश्रण विरळ होण्याऐवजी आयडलिंगचे आरपीएम चढलेले दिसतात. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा जोड फुटका असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण विरळ असल्याचा खोटा भास होतो. म्हणून सायलेन्सरच्या कामानंतर पी०१७१ आला तर आधी जोड तपासावेत.

मिसिंगचे कोड तुलनेने सरळ असतात. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरते नाही आणि पी०३०१, पी०३०२ वगैरे कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. प्लग बदलल्यानंतर पी०३०२ आला असेल आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल करून पाहावे. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब आहे. पी०३०२ कायम राहिला तर प्लग बाहेर काढून पाहावा. पाना तिरका लागल्यामुळे प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला गेलेला केसाएवढा तडा नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण प्लग उजेडात फिरवला की त्या रेषेवर काळसर माग दिसतो, कारण ठिणगी टोकापर्यंत न जाता तिथूनच निसटत असते.

टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या कामानंतर आलेला पी००१६ मात्र हलक्यात घेऊ नये. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांची परस्पर स्थिती जुळत नाही, असा त्याचा अर्थ आहे आणि बेल्ट एखादा दात पुढे-मागे बसला असल्याची शक्यता त्यात सर्वांत मोठी असते. अनेक इंजिनांची रचना अशी असते की टायमिंग फार चुकले तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. म्हणून ही गाडी चालवत न नेता टोचन करून न्यावी आणि खुणा जुळल्या आहेत का, हे आवरण उघडून स्वतःच्या डोळ्यांसमोर पाहून घ्यावे.

डिझेल गाड्यांत शोधाची पद्धत हीच असते. टर्बोच्या होजचा क्लॅम्प सैल राहिला तर पिकअप जातो, काळा धूर येतो आणि पी०२९९ हा कमी बूस्टचा, म्हणजे टर्बोकडून येणाऱ्या हवेचा दाब कमी असल्याचा, कोड येतो. टर्बो बदलण्याची भाषा सुरू होण्याआधी त्या होजचा प्रत्येक जोड तपासून घ्यावा.

एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सात कोड एकदम आले, तर पाच-सात भाग एकाच वेळी बिघडले आहेत, असे मानू नये. त्या सर्वांना सामाईक असलेली गोष्ट शोधावी. बरेच सेन्सर संगणकाकडून मिळणाऱ्या एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात आणि त्यांतली एक वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर सगळ्यांचेच आकडे बिघडतात. त्याहूनही नेहमीचे कारण म्हणजे काम झाल्यावर परत न बसवलेली किंवा गंजलेल्या जागी सैल बसवलेली अर्थिंग. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी. तिथला फरक ०.२ व्होल्टपेक्षा कमी असायला हवा. तो जास्त असेल तर आधी अर्थिंग साफ करून घट्ट करावी आणि मगच उरलेल्या कोडांचा विचार करावा.

गॅरेजशी बोलताना हाती कागद असला की संभाषण वादाऐवजी तपासणीकडे वळते. ‘तुमच्या कामामुळे दिवा लागला’ असे म्हणण्यापेक्षा ‘हे काम झाल्यावर इतक्या किलोमीटरवर हा कोड आला, फ्रीझ फ्रेम अशी आहे, आयडलिंगला ट्रिम इतका आहे, या जागी काय उघडले होते ते दाखवा’ असे म्हणावे. एखादा भाग बदलायचा असे ते म्हणाले तर तो खराब असल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरले, हे विचारावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दुरुस्तीनंतर लागलेला प्रत्येक दिवा दुरुस्तीमुळेच लागलेला नसतो, निव्वळ योगायोगही असतो, आणि कसलेला मेकॅनिक ते मोजमाप दाखवून पटवून देऊ शकतो. मोजमापाचे नाव काढताच जो चिडतो, त्याच्याकडे त्याच कामासाठी पुन्हा गाडी देऊ नये आणि दुसरीकडून तपासणी करून घ्यावी.

दोष सापडून दूर झाल्यावर दिवा विझवण्याची घाई नसली तरी चालते. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की संगणक दिवा आपोआप मालवतो आणि इंजिन ४० वेळा थंडावस्थेतून तापल्यावर कोडही पुसला जातो. स्कॅनरने कोड पुसला असेल, तर सकाळी थंड इंजिनाने सुरुवात करून काही वेळ आयडलिंग, काही वेळ थांबत-निघत आणि काही वेळ एकसमान वेगाने, अशी गाडी काही दिवस चालवावी, म्हणजे रेडिनेस मॉनिटर एकेक करून पूर्ण होतात. त्यांतला शेवटचा पूर्ण होईपर्यंत पेंडिंग कोड पुन्हा येतो का आणि ट्रिमची बेरीज १० टक्क्यांच्या आत टिकते का, हे अधूनमधून पाहत राहावे. बॅटरी काढली गेली असेल किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनात शिरणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत आयडलिंग थोडे वरखाली होते, कारण संगणक आपले आकडे नव्याने शिकत असतो. ते आपोआप स्थिरावले नाही, तर कंपनीच्या स्कॅनरवरून आयडल लर्निंग करून घ्यावे लागते.